आबांचा एन्हान्सर

आमच्या प्रयोगशाळेतल्या आबांना हे नाव वयामुळे नव्हे, सल्ल्यांमुळे पडलं. माणूस चाळिशीतला, पण पिपेट कशी धरावी इथपासून संसार कसा करावा इथपर्यंत उपदेश तयार. स्वतःची बायको-मुलगी मात्र दुसऱ्या गावात, सासुरवाडीला. नोकरी कायम झाली की आणायची, हे ते मुलगी बोबडं बोलायची तेव्हापासून सांगत होते. आता ती उलट बोलायला लागली होती.

आबांचं घोडं डीएनएच्या एका तुकड्यावर अडलं होतं. तो तुकडा एन्हान्सर. म्हणजे स्वतः काही बनवत नाही. रोगाशी लढणाऱ्या टी पेशीला जंतूची चाहूल लागली की एखाद्या जनुकाला कामाला जुंपतो. आमच्या खातेप्रमुखांसारखाच, असं मी म्हटलं की आबा घाबरून दाराकडे बघायचे. कोणत्या जनुकाला जुंपतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: अगदी लागून असलेल्या. तुकड्याला नावही त्याचंच दिलं आणि दोन परिषदांत मिरवलं.

"आबा, सगळ्याच जनुकांचं काम मोजून बघा की," मी म्हणायचे.

"शेजारी सोडून कोणी लांबच्याला हाक मारतं का? काहीतरीच तुमचं."

कायम नोकरीच्या मुलाखतीआधी त्यांनी पेशींतून तो तुकडा कापून काढला. शेजारचं जनुक ढिम्म, पहिल्यासारखंच चालू. पुन्हा कापला, पुन्हा ढिम्म. तेव्हा कुठे नाक मुठीत धरून सगळी जनुकं तपासली. मधली चार ओलांडून पार लांबचं एक थंडावलं होतं. डीएनए वळसा घेतो आणि तुकडा थेट तिथे जाऊन टेकतो. हे पुस्तकात आहे, आणि आबा ते शिकवतातही.

"मुलाखतीत जुनंच सांगू का?" त्यांनी मला विचारलं. चेहरा इतका उतरला होता की मला खरंच दया आली.

"सांगा. उद्या दुसऱ्या कोणी खरं छापलं की तोंड कुठे लपवाल?"

त्यांनी खरं सांगितलं. समितीने प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं आणि नोकरी आणखी वर्षभर कच्चीच ठेवली. कौतुकाला खर्च येत नाही.

जिन्यात उभं राहून त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, अजून एक वर्ष थांबावं लागेल."

"तुम्ही थांबा," तिचा आवाज मलाही ऐकू आला. "आम्ही शनिवारी येतोय. तुमच्या कायम होण्याची वाट बघितली, तर पोरीच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांत बसाल."

फोन ठेवून आबा कठड्याला टेकले. मग हळूच मला विचारलं, "अकरा वर्षांची मुलगी सकाळी काय खाते हो?"