एकोणसाठ सालची खूण

विठ्ठलवाडीच्या हरिहरचं नाव निघालं की महिपत घड्याळजीचं तोंड कडू व्हायचं. महिपतचं डोंबिवलीत टपरीएवढं दुकान. हरिहरचा धंदा मोठा. भंगारातल्या तीन घड्याळांचं एक करायचं, तबकडी नव्याने रंगवून मुद्दाम मळकी करायची, कुणाच्या तरी पणजोबांची गोष्ट चिकटवायची आणि मुंबईत लिलावात चढवायची. नव्वदनंतर पैसेवाल्यांना जुन्या घड्याळांचं वेड लागलेलं. ज्यांना चावी देता येत नव्हती तेही बोली लावत. उकिरड्याला अत्तर लावून विकतात मेले, असं महिपत म्हणे.

महिपत शिकला तो ठाण्याच्या अण्णांकडे. दुरुस्ती झाली की मागच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि साल कोरायचं, ही घड्याळजींची जुनी रीत. अण्णांची खूण त्रिशुळाची. आत ती दिसली की व्यापारी डोळे झाकून माल घेत, कारण खोट्या मालाला अण्णा हात लावत नसत. उमेदवारीत महिपतने एकदा जुनंच चक्र नवं म्हणून बसवलं, तेव्हा अण्णांनी भर दुकानात कानाखाली वाजवली होती. ती थप्पड महिपत देवाच्या प्रसादासारखी सांगायचा.

त्र्याण्णव साली एका वकिलांनी लिलावात घेतलेलं घड्याळ त्याच्याकडे आणलं. चालत नव्हतं. "आत अण्णांची खूण आहे, एकोणसाठ सालची. म्हणून तर घेतलं," वकील म्हणाले. महिपतने झाकण उघडलं. यंत्र सत्तरनंतरचं, काटे तिसऱ्याच घड्याळाचे, आणि वर ते त्रिशूळ! वकिलांना सांगून, घड्याळ खिशात घालून तो तडक ठाण्याला गेला. हे काम हरिहरचंच, त्याला पोलिसांत द्यायचं होतं. अण्णांनी एवढंच म्हणायला हवं होतं, ही खूण माझी नाही.

अण्णा आता एकटेच राहत. हात कापायचे, बशीतला चहा धोतरावर सांडत होता.

"अण्णा, तुमची खूण चोरली हरामखोराने. तुम्ही फक्त सांगा, बाकी मी बघतो."

अण्णांनी घड्याळ हातात घेतलंच नाही. "ठेव तिकडे," म्हणाले.

"बघा तरी!" म्हणत महिपतने त्यांना दाखवायला स्वतःच डोळ्याला भिंग लावलं. आणि थबकला. नक्कल करणाऱ्याने रेघा सरळ ओढल्या असत्या. एकोणसाठ साली अण्णांचा हात दगडासारखा स्थिर होता. ही प्रत्येक रेघ थरथरत होती.

"अण्णा, हे तुम्ही?"

"माझीच खूण, माझाच हात. खोटं काय त्यात?"

"आणि साल?"

"साल हरिहर सांगतो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची सुरुवातीला." अण्णांनी बशी खाली ठेवली. "आता सुई धरवत नाही रे. तुझा हात हुबेहूब माझ्यासारखा बसलाय. हरिहर म्हणत होता, महिपतला विचारा. तू काढ की. मीच शिकवलंय तुला."

महिपत पाया न पडता उठला. जिन्यात त्याला खरोखरच ओकारी आली. हरिहरची किळस जुनीच होती, अण्णांची आज आली. पण त्याहून वाईट म्हणजे कठड्यावर टेकलेल्या स्वतःच्या हाताकडे त्याला बघवेना. म्हातारा खरं तेच बोलला होता. ते त्रिशूळ त्याला डोळे मिटूनही काढता आलं असतं.