रंगेलची मतं

व्हिदिन गावातल्या रंगेल मिस्त्रीला सरकारपासून टीव्हीवरच्या गायिकांपर्यंत सगळ्यावर मत असायचं. शेजारच्या स्पासशी त्याचं रोज वाजायचं. निवडणुकीत मात्र तो स्पासला चारचौघांत "विकला गेलास!" म्हणाला, आणि दोघांनी अबोला धरला. दोन हिवाळे गेले. एका सकाळी स्पासच्या दारावर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, स्पास गेल्याची बातमी देणारा कागद चिकटवलेला दिसला.

रंगेल भेटायला गेला. स्पासची बायको दोना म्हणाली, "बातम्या लागल्या की रोज विचारायचे, 'रंग्या आज काय म्हणत असेल गं?'"

"मग दार का नाही वाजवलं त्यानं?"

"तुम्ही तरी कुठं वाजवलंत, भावजी?"

तिनं पुढं केलेला राकिया दारूचा पेला तसाच ठेवून तो घरी आला. त्या संध्याकाळी सरकार पडलं. रंगेलनं टीव्ही लावलाच नाही.