मुंज तलावाकाठच्या झोपड्या

दादा गेल्याचे पत्र देवासला पोहोचले तेव्हा धारमधला प्लेग ओसरत आला होता. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. धारला राहून चित्रे काढून पोट भरत. वहिनींनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतले होते, ‘एक चित्र अर्धे राहिले आहे. पुरे करून दिलेत तर पैसे मिळतील.’ मी शाळेत चित्रकला शिकवतो. आठ दिवसांची रजा काढून निघालो.

देवास ते इंदूर टांगा, पुढे महूपर्यंत रेल्वे, इथवर सोपे. महूला मात्र धारचे नाव काढताच टांगेवाले तोंड फिरवत. एक कसाबसा तयार झाला. “भिया, उते गाँठ को रोग हे. दूणो भाड़ो लूँगा, ने गाम में नी जऊँगा.” दुप्पट भाडे घेऊनही त्याने धारच्या वेशीबाहेरच उतरवले. कुणी जाणार असेल तर शिदोरी बरोबर घ्यावी. घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडल्यावर वाटेत चूल पेटलेली दिसली नाही, दशम्यांवर निभावले.

सकाळी मुंज तलावावर गेलो. जवळच्या देवळात कुणा जुन्या चिताऱ्याने भिंतीवर हेच तळे रंगवले आहे. होडीएवढे मासे, घाटावर बायका, छत्रीखाली राजा. ज्या सरदारांनी दादांना काम दिले होते, त्यांच्या दिवाणखान्यात एका साहेबाने काढलेले चित्र आहे. त्यात पडकी भिंत, मावळतीचे ऊन, आणि माणूस एकही नाही.

दादांच्या अर्ध्या चित्रात याच तळ्याचे पाणी करडे होते. काठाने गवती झोपड्यांची रांग होती. आजाऱ्यांना गावाबाहेर तिथेच ठेवत. शेवटी दादांनाही तिथेच नेले.

सरदारांचे कारभारी म्हणाले, “झोपड्या घालवा, कमळे काढा. दिवाणखान्यात प्लेग कोण टांगतो?”

घरी येऊन मी वहिनींना म्हटले, “दादांचे काम मी कसे झाकू?”

“झाका, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मुलींना घेऊन सतवासला जाते माझ्या भावाकडे. हातात काहीतरी हवं.”

दोन दिवस लागले. आधी हिरवा, तो वाळल्यावर गुलाबी. वहिनी उंबऱ्याशी गहू निवडत बसायच्या. शेवटची झोपडी रंगाखाली गेली तशा त्या सूप तिथेच टाकून आत गेल्या. चित्र पसंत पडले. मुलींना घेऊन वहिनी सतवासला गेल्या, मी देवासला परतलो.

धार पाहण्याजोगी आहे का, असे शाळेत विचारतात. आहे, म्हणतो. तळी आहेत, किल्ला आहे. पण मला ती कमळे पचली नाहीत. एका रविवारी आठवून आठवून पेन्सिलीने तळे काढले, झोपड्यांसकट, आणि सतवासला पाठवले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. अक्षर भावाचे, शब्द वहिनींचे.

‘चित्र मिळाले. यांची झोपडी डावीकडून चौथी. तिचे दार पाण्याकडे होते, ते हे रात्रंदिवस उघडे ठेवायला लावत. तुम्ही सगळी दारे बंद काढली आहेत.’