कुंकू लागलेलं नवंकोरं घड्याळ

बाबांनी आयुष्यात एकच महागाची वस्तू घेतली. तीही जावयासाठी, आणि तो जावई काही आमच्या घरी आला नाही.

तसा तो ठरला होता. मुलगा कॅनडात. आमच्याकडे जावयाला घड्याळ द्यावंच लागतं, मग तो वेळ पाळो न पाळो. बाबा बर्डीच्या बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, दोन्हीकडची वेळ दिसेल असं द्या. चावीचं, सेल नसलेलं, एक काटा जास्तीचा. घरी आल्यावर मला समोर बसवून समजावलं, "हा काटा तिकडचा, बाकी इकडचे. आपण झोपलो का जागे, हे त्याले फोन करायच्या आधीच समजन." आई मी कॉलेजात असतानाच गेली. आहेराचं जे सगळं तिनं केलं असतं, ते बाबा एकटे करत होते. जन्मभर पंपाच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस, म्हणून सुरुवात यंत्रापासून.

साखरपुड्याच्या तोंडावर मी लग्न मोडलं. मुलगा वाईट नव्हता. तो फोनवर बोलायचा, मी हूं हूं करत भाजी निवडायचे, आणि एक दिवस लक्षात आलं की फोन ठेवला की मला सुटल्यासारखं वाटतं. एवढ्यावरून कोणी लग्न मोडतं का, असं मावशीनं विचारलं. बाबांनी काहीच विचारलं नाही. "ठीक हाय" म्हणाले, पाणी प्यायले आणि घड्याळ डब्यासकट कपाटात ठेवलं.

मला त्या "ठीक हाय"चा फार राग होता. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं, माझी जीभही काही कमी तिखट नाही. वर कोणी विचारलं की सांगायचे, "लगन लांबलं जी." लांबलं म्हणजे अजून व्हायचंय. मी तिथेच उभी असायचे, फरशीकडे बघत. मी चुकले असं यांना वाटतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. ते स्वतःहून सांगणार नव्हते आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. प्रताप नगरातल्या आमच्या घरात आम्ही दोघं हेच मनात ठेवून म्हातारे होणार, असं मला वाटायला लागलं.

यंदा दिवाळीची साफसफाई करताना घड्याळ विकायचं मीच काढलं. बाबा "पाहू" म्हणाले. आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. पण तोवर मी फोटो काढून जाहिरात टाकलीसुद्धा, त्यांचा नंबर देऊन: नवंकोरं, एकदाही न घातलेलं. फोन यायला लागले. जो तो विचारायचा, "मंग विकून काहून राहिले?" आणि बाबा सांगायचे, "भेट आली होती जी, आमच्या कामाची नाही." पुन्हा तीच फरशी आणि तीच मी.

एका रविवारी महाल भागातून एक गृहस्थ आले. भांड्यांचं दुकान, मुलीचं लग्न ठरलेलं, जावई दुबईत. याहून चांगलं गिऱ्हाईक शोधूनही मिळालं नसतं. बाबांनी चावी दिली, काटे समजावले, टिकटिक ऐकवली. चहा झाला. किमतीचंही जुळत आलं. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, घड्याळ उलटंसुलटं केलं आणि पट्ट्याच्या खाचेत नख घातलं.

"घड्याळ तं झकास हाय जी. पण न घातलेलं म्हणता, मंग हे लाल काय हाय?"

मी वाकून पाहिलं. पट्टा जिथे अडकवतात तिथे बारीक लाल पूड बसली होती. माझे फोटो सगळे वरून काढलेले.

"कुंकू हाय," बाबा कानकोंडे होत म्हणाले. "खंडेनवमीले लावलं."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आजोबा कोष्टी, त्यांच्या हातमागाचा एक धोटा अजून आहे. तो धोटा, बाबांची पक्कड, पाने, माझा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडून कुंकू लावायचं. हे बाबाच करतात. मी मिहानला ऑफिसात पळायच्या घाईत असते, कुंकवाचा लॅपटॉप उचलते आणि निघते. त्या पाटावर हे घड्याळही असतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे दरवर्षी बाबा देवाकडे जावई मागत होते तर.

गृहस्थ मात्र खूश झाले. "वा! आम्ही बी तराजूले लावतो. मंग जावयासाठीच घेतलं असन. त्याले पसंत नाही पडलं का?"

नेहमीचं उत्तर तयार होतं. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

"पोरीचं लगन ठरलं होतं," बाबा म्हणाले. "तिनं मोडलं. तिच्या मनात नव्हतं. बरं केलं तिनं."

एका कपातला उरलेला चहा माझ्या हातावर सांडला. गृहस्थांनी घड्याळ जपून डब्यात ठेवलं. "तुमचं खरं हाय जी, पण मोडलेल्या लग्नाची वस्तू आमच्या घरी चालणार नाही. राग नका मानू." बाबांनी मानला नाही. त्यांना फाटकापर्यंत सोडून आले आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला बसले.

"म्हणजे तुम्ही जावई मागत होता?" मी विचारलं.

"पहिल्या साली मागितला," बाबा खाचेत फुंकर मारत म्हणाले. "मंग नुसतंच लावत होतो. घरात यंत्र हाय, त्यालेच काहून वगळायचं?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. त्यांनी दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. मग मी जाहिरात बदलली: घातलेलं नाही, कुंकू लागलेलं आहे, लग्न मोडलं म्हणून विकायचं आहे. बाबांनी वाचून मान हलवली. मिहानमध्ये परदेशी लोकांशी काम असणाऱ्या एका तरुणानं ते घेतलं, जरा कमी भावात, आणि दारातच हातात घातलं. बाबांनी त्यालाही सगळे काटे समजावले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "महालवाल्यांना तुम्ही भेट आली होती म्हणाला असता, तर तेव्हाच गेलं असतं. भावही चांगला होता."

"गेलं असतं," बाबा म्हणाले. "पण तू कप उचलता उचलता खाली पाहून राहिली होती."