स्कूटरच्या किमतीची तबकडी

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. रविवारी सकाळी चार जण काफी प्यायला एकत्र बसले आणि त्यातल्या एकाला कसलं तरी वेड असलं, की वर्षभरात पोतं भरतं. आमच्यातलं ते वेड म्हणजे भीमराव.

भीमराव कुंभकोणमातला लग्नाचा साउंडवाला. वय बावन्न, पण बोर्डावर ‘डीजे’ असं मोठ्या अक्षरात. तो आणि मी तंजावरी मराठी घरांतले. आमचं बोलणं ऐकून पुण्याचे पाहुणे विचारतात, पोथी वाचताय का? बाकीचे दोघे तमिळ. रत्नम स्वामीमलैत पंचधातूच्या मूर्ती ओततो, कुमार दारासुरममध्ये रेशमी साड्या विणतो. मी विमा कंपनीतून निवृत्त झालोय, म्हणजे फुकटचे सल्ले द्यायला मोकळा.

तर झालं काय, भीमरावाच्या तरुणपणी सगळे मोठे डीजे ज्या टर्नटेबलवर रेकॉर्डी वाजवायचे, ते कंपनीनं मध्ये बंद केलं होतं. ते पुन्हा बाजारात आलं. तोच थाट, तीच बटणं, आणि किंमत नव्या स्कूटरएवढी. घरी खरंच स्कूटर घ्यायची ठरली होती हो! भीमराव चेन्नईला गेला आणि खोकं घेऊन आला.

त्याची बायको कमळाबाई एकच वाक्य बोलल्या. “पोंगलपर्यंत मला पटवा की हे एवढ्या किमतीचं आहे. नाही पटलं तर विकायचं.”

भीमराव म्हणाला, “पोंगल कशाला, आठ दिवसांत पटवतो.”

*

पहिल्याच दिवशी घात झाला. या यंत्राच्या फिरत्या थाळीच्या कडेला ठिपके असतात, आणि शेजारी एक लाल दिवा. वेग अगदी अचूक असला की त्या दिव्यात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. भीमरावानं थाटात बटण दाबलं.

कमळाबाई वाकून बघत राहिल्या. “अहो, हे उभंच आहे की.”

“उभं दिसतंय म्हणजेच नीट चालतंय,” भीमराव म्हणाला.

“असं होय? मग तुम्ही लग्न झाल्यापासून फारच नीट चालताय.”

पुढं आयुधपूजेला घरातल्या सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लागलं. मिक्सरला लागलं, जुन्या स्कूटरला लागलं. भीमराव हातापाया पडत होता, तरी कमळाबाईंनी थाळीच्या कडेला तीन ठसठशीत बोटं ओढलीच. यंत्र सुरू केलं. ठिपके उभे, आणि कुंकू त्यांच्यामधून गरागरा फिरतंय.

“आता कळतं चालू आहे ते,” म्हणाल्या. भीमराव दोन दिवस ब्रश घेऊन कुंकवाचे कण टिपत बसला होता.

*

रत्नमला धातूचं कळतं म्हणून भीमरावानं त्याच्याकडून दाखला घ्यायचं ठरवलं. रत्नमनं थाळी उचलली, वजन बघून मान डोलावली. भीमराव फुलला. मग रत्नमनं थाळीच्या मधल्या भोकात बोट घालून ती हवेत धरली, दुसऱ्या हातानं टिचकी मारली आणि कान लावला. ठप्प. पुन्हा मारली. पुन्हा ठप्प.

“नाद नाही,” रत्नम गंभीरपणे म्हणाला. “माझी मूर्ती अशी वाजली असती तर मी पुन्हा वितळवली असती. फसवलं तुला.”

आता या थाळीला खालून जाड रबर लावतात ते ती वाजू नये म्हणूनच! थाळीच गुणगुणायला लागली तर गाणं कोण ऐकणार? भीमरावानं हे त्याला अर्धा तास समजावलं. रत्नमनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तू मुकेपणाचे पैसे दिलेस,” तो म्हणाला.

कुमार मात्र खूश झाला. त्यानं फिरती थाळी बोटानं थांबवली, सोडली, आणि ती लगेच पूर्ण वेगात. दहा वेळा केलं. त्याच्या घरच्या, धागा गुंडाळून कांड्या भरायच्या यंत्राचा पट्टा सारखा घसरतो, त्यामुळे त्याला या मोटरचं मोल पहिल्या झटक्यात कळलं. पुढच्या रविवारी तो रेशमाचा धागा घेऊनच आला आणि थाळीच्या मधल्या खुंटीवर कांडी बसवून भरायला लागला. एकसारखी, सुरेख कांडी भरली. भीमराव डोक्याला हात लावून बसला.

कमळाबाईंनी ती कांडी हातात घेऊन पाहिली. “चला, यातून काहीतरी निघालं.”

*

तिरुविडैमरुदूरच्या एका रिसेप्शनला भीमरावानं यंत्र नेलं, मी बरोबर. स्टेज लाकडी. नवऱ्या मुलाचे मित्र असे नाचायला लागले की फुलांच्या कमानी हलत होत्या. जुन्या यंत्राची सुई पहिल्या उडीलाच घसरली असती. भीमरावानं यंत्राखाली चौपदरी चटई घातली होती, आणि यंत्रही चांगलं जड. सुई जागची हलली नाही! तो माझा दंड धरून ओरडत होता, “बघितलंस? बघितलंस?” मीही उड्या मारायच्या बेतात होतो, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मुलाचे वडील आले. कौतुकानं यंत्राकडे पाहिलं, फोटो काढून घेतला.

“फार छान आहे,” म्हणाले. “आता पेनड्राइव्हवरून वाजवता का?”

*

शेवटी मीच पाप केलं. म्हटलं, परीक्षा घेऊ. माझं ऑनलाइन घेतलेलं स्वस्तातलं टर्नटेबल आणि त्याचं, दोन्ही पडद्याआड. एकच रेकॉर्ड आधी एकावर, मग दुसऱ्यावर. महाग कुठलं ते रत्नम, कुमार आणि कमळाबाईंनी सांगायचं.

तिघांनी माझं सांगितलं.

माझ्या यंत्राचा आवाज जरा मोठा होता, एवढंच. पण भीमराव काफीचा पेला तसाच ठेवून खाली दुकानात गेला. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चेन्नईच्या एका डीजेला फोन लावला. तो घ्यायला तयारच होता.

*

मार्गळी, म्हणजे पोंगलआधीचा महिना, लागली. या महिन्यात आमच्याकडे लग्नं नसतात, त्यामुळे यंत्र घरी पुढच्या खोलीत, आणि भीमराव दिवसभर दुकानात स्पीकर दुरुस्त करत.

इथं कमळाबाईंचं एक सांगायला हवं. त्या सुंदर गायच्या. सासरी आल्यावर जुन्या रेकॉर्डींमधल्या गायिकांबरोबर गाऊन गाऊन त्यांनी गळा तयार केला होता. चार वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली गेला. रेकॉर्डबरोबर वरचे स्वर लागेनात. त्यांनी गाणं सोडलं ते सोडलंच. घरात कोणी तो विषय काढत नसे.

पोंगलच्या आदल्या रविवारी चेन्नईचा डीजे आला. तरुण, नम्र पोरगा. भीमरावानं मला बोलावून घेतलं होतं, “तू बोल त्याच्याशी, माझ्याच्यानं व्हायचं नाही.” पोरानं यंत्र चारी बाजूंनी तपासलं. थाळीवर एक जुनी रेकॉर्ड होतीच, ती लावली. गायिकेचा आवाज जड, ओळखीचा असून वेगळा. पोरानं उजव्या बाजूचा स्लायडर पाहिला. तो सरकवला की रेकॉर्ड हळू किंवा जलद फिरते, आणि आवाजही तसा उतरतो किंवा चढतो.

“सर, हा उणे सहावर आहे. बिघडलाय का?”

भीमरावाचा चेहरा उतरला. “रोज सकाळी पुसताना मी शून्यावर आणतो. संध्याकाळी बघावं तर पुन्हा तिथंच.” हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. “आपोआप सरकतो. तुला किंमत कमी करून देतो.”

पोरानं स्लायडर शून्यावर नेला. गायिकेचा आवाज चढला, लखलखीत झाला.

आतून कमळाबाई आल्या, ओले हात पदराला पुसत.

“तंबी, ते होतं तिथं असू दे.”

“पण अक्का, तिथं सगळं उतरलेलं ऐकू येतं.”

कमळाबाईंनी आकड्यांकडे न बघता एका बोटानं स्लायडर मागं नेला.

“उतरलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या पट्टीला लावलंय.”