द्रुपदाच्या भुवईवरची गाठ

द्रुपदा जन्मली तेव्हा तिच्या डाव्या भुवईच्या टोकाशी नुसता एक तांबूस ठिपका होता, डास चावल्यासारखा. सुईणीच्या तो ध्यानातही आला नाही. लेकीला न्हाऊ घालताना चतुराबाईला तो दिसला. तिने ओल्या बोटाने पुसून पाहिला, पण ठिपका गेला नाही.

साल त्रेचाळीस. गोरेगावपासून कोसभरावरचं गाव, निजामाच्या राज्याचं अगदी टोक. पैनगंगा ओलांडली की पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड लागायचा. घरात सासरे उकंडराव, सासू रुख्मिणीबाई, नवरा तातेराव आणि चतुराबाई. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला होता, त्यामुळे मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. उकंडरावांनी तर गावात गूळ वाटला.

महिनाभरात तो ठिपका वर आला. दोन महिन्यांत पिकल्या बोराएवढी लालभडक, मऊ गाठ झाली. लेकरू रडलं की ती आणखी लाल व्हायची, फुगल्यासारखी दिसायची. बघायला येणाऱ्या बाया आधी लेकराकडे बघायच्या, मग चतुराबाईकडे.

"पोटुशी असताना गिरानात काई चिरलं व्हतं का गं?" एकीने विचारलं.

"न्हाई," चतुराबाई म्हणाली.

"आठव बराबर."

त्या दिवसापासून रुख्मिणीबाई नातीला घेऊन ओट्यावर बसायची बंद झाली.

गाठ भुवईवरून खाली, पापणीकडे सरकू लागली. उकंडरावांची झोप उडाली ती तेव्हा. त्यांना वाटलं, ही गाठ लेकराचा डोळा खाणार. गोरेगावच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. चामखीळ, मस, गाठी तो घोड्याच्या केसाने आवळून बांधायचा आणि वरून तापल्या सळईने डाग द्यायचा. पुष्कळांचे मस त्याने काढले होते. खुद्द तातेरावाला लहानपणी पोट फुगलं म्हणून डागलं होतं आणि तो जगला होता. उकंडरावांनी त्या माणसाला घरी बोलावलं.

तो सकाळी आला. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, सळई आत खुपसली आणि पिशवीतून केसांची जुडी काढून गुडघ्यावर ठेवली. चतुराबाई दारात उभी होती, लेकरू छातीशी धरून.

तिला तिचा भाऊ आठवत होता. संतराम. त्याच्या पाठीवर अशीच लाल गाठ होती. माहेरी कुणीतरी ती दोऱ्याने बांधली, ती फुटली आणि दिवसभर रक्त वाहत राहिलं. घरातलं सगळं हळद-चुना त्यावर थापून झालं. दिवेलागणीला संतराम गेला. हीच ती गाठ का दुसरी, हे चतुराबाईला ठाऊक नव्हतं. रंग मात्र तोच होता.

"आण इकडं लेकराला," उकंडराव म्हणाले.

"मामा, मी देणार न्हाई."

सासऱ्यासमोर ती आजवर मान वर करून बोलली नव्हती. रुख्मिणीबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"काहून? डोळा गेल्यावर देशील?"

"माह्या भावाला बांधलं व्हतं असंच. तो राह्यला न्हाई."

जडीबुटीवाला म्हणाला, "बाई, माह्या हातून कोनी मेलं न्हाई आजलोक." तो खोटं बोलत नसावा. पण सळईचं टोक आता लाल झालं होतं, आणि चतुराबाईची नजर तिथून हटत नव्हती.

ती मागच्या दाराने निघाली. कुणी अडवायच्या आत गल्ली ओलांडून शेतात, तातेराव आऊत हाणत होता तिथे पोचली. धापा टाकत एवढंच म्हणाली, "वाशीमला दवाखान्यात दाखवू. डॉक्टर म्हणला बांधा, तर मी सोता धरून बसंन लेकराला."

तातेराव बापाला भ्यायचा. सगळं गाव भ्यायचं. त्याने बैल सोडले आणि घराची वाट धरली. अंगणात येऊन तो बापासमोर उभा राहिला.

"बाबा, एकडाव वाशीमला दाखवून आणतो."

उकंडरावांनी लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. गोवऱ्यांचा धूर मधोमध होता.

"डोळ्याला काई झालं तर तुमी दोघं जाणा अन् तुमचं नशीब," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

पैनगंगेला पाणी कमी होतं, बैलगाडी सहज पार झाली. नाक्यावरच्या शिपायाने गाडीत डोकावून लेकराचं तोंड पाहिलं, आणि काही न विचारता हात केला, जा म्हणून. चतुराबाईने लेकीवर पदर ओढला.

वाशीमचे डॉक्टर म्हातारे, लष्करात नोकरी केलेले. त्यांनी मुलीला उजेडाला धरलं आणि काचेची पातळ पट्टी गाठीवर हलकेच दाबली. गाठ फिकी पडली. पट्टी उचलताच पुन्हा लाल भरली. मग त्यांनी गाठीवर बोट ठेवून बराच वेळ काहीतरी अजमावलं, कान लावला.

"नाडीसारखा ठोका लागत नाही, हे चांगलं आहे," ते म्हणाले. "ही रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ आहे. नळ्या वाढल्या आणि त्यांचा गुंता झाला. विषारी नाही. अंगात पसरणार नाही."

"गिरानाचं हाय का?" चतुराबाईने खाली बघत विचारलं.

"ग्रहणाचा संबंध नाही. तुझ्या हातून काही झालेलं नाही, बाई."

ती एकदम खाली बसली. तातेरावाला वाटलं, चक्कर आली.

"कापून टाकता का?" त्याने विचारलं.

"आज कापली तर रक्त आवरणार नाही. अशा गाठी पहिलं वर्षभर वाढतात. मग थांबतात, मधून राखी रंगाच्या होतात आणि हळूहळू बसतात. काही वर्षं लागतात. बऱ्याच बसलेल्या मी पाहिल्यात."

"अन् ही न्हाई बसली तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर मुंबईला पाठवावं लागेल. बसेल असं वाटतं, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही. मला काळजी गाठीची नाही, डोळ्याची आहे. पापणीने बुबुळ झाकलं तर तो डोळा बघायला शिकणारच नाही. तसं दिसलं की उशीर करू नका. आणि रक्त आलंच, तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं. उचलून बघायचं नाही. राख, चुना काही लावायचं नाही."

घरी हे सांगितल्यावर उकंडराव म्हणाले, "म्हणजे काईच केलं न्हाई त्यानं."

काहीच न करता थांबायचं, आणि गाठ तर रोज वाढत होती. डॉक्टरांनी वाढेल म्हणून सांगितलं होतं, तरी चतुराबाईचा धीर सुटायचा. रोज सकाळी ती लेकीचा चांगला डोळा तळहाताने झाकायची आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या समोरून हलवायची. द्रुपदा मान वळवायची. ती वळली की मग चतुराबाई चूल पेटवायची.

पावसाळा सरता सरता एका सकाळी द्रुपदाने मान वळवली नाही. पापणी बुबुळावर उतरली होती.

नदीला अजून ओढ होती. तातेरावाने लेकरू डोक्यावर धरलं, चतुराबाईने त्याचा सदरा पकडला आणि दोघं पाण्यातून पार झाली. पुढे पायी. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली. फट अजून शिल्लक होती.

"चांगला डोळा रोज थोडा वेळ बांधून ठेवा," ते म्हणाले. "रडेल. रडू द्या. हा डोळा कामाला लागला पाहिजे."

गावाला हे वेडच वाटलं. आजारी डोळा सोडून चांगल्यालाच पट्टी. द्रुपदा किंचाळायची, पट्टी ओरबाडायची. चतुराबाई तिचे हात धरून बसायची आणि तिच्याबरोबर स्वतःही रडायची. रुख्मिणीबाई उठून शेजारी निघून जायची.

मुलगी रांगायला लागली आणि जे व्हायला नको तेच झालं. तातेराव शेतात होता. द्रुपदा बाजेखालून निघताना गाठ सुंभाला घासली. चतुराबाई वळली तोवर लेकराचं तोंड, गळा, झबलं, सगळं लाल.

तिने धुतलेलं लुगड्याचं फडकं घेतलं, घडी केली आणि गाठीवर दाबलं. उकंडराव धावत आत आले. हातात चुन्याची डबी.

"हात काढ. चुना भरू दे."

"न्हाई मामा."

"लेकरू मरून राह्यलं, चतुरा."

"मामा, तिचे पाय धरा. तिला हालू देऊ नका."

उकंडराव क्षणभर तसेच उभे राहिले. मग डबी खाली ठेवून बसले आणि त्यांनी नातीचे पाय धरले. फडक्याच्या कडेने रक्त झिरपत होतं. चतुराबाईच्या डोळ्यांसमोर संतरामची पाठ येत होती. फडकं उचलून बघावं असं तिला सारखं वाटत होतं. हात बधिर झाला, तरी तिने तो हलवला नाही. द्रुपदा रडून रडून हुंदके देऊ लागली, मग आजोबांकडे टक लावून गप्प झाली. बऱ्याच वेळाने फडक्याची कड सुकायला लागली.

"थांबलं का?" उकंडरावांनी हळूच विचारलं.

"थोडं अजून."

तिने शेवटी बोटं सैल केली तेव्हा रक्त थांबलं होतं. उकंडराव उठून पाणी घेऊन आले. सासऱ्याने सुनेच्या हातावर पाणी घालावं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

त्यानंतर ओट्यावर कुणी द्रुपदाच्या गाठीचा विषय काढला की उकंडराव म्हणायचे, "तुमचं काम करा." बाजेचा सुंभ काढून त्यांनी मऊ नवार भरली.

पुढच्या उन्हाळ्यात गाठीच्या मधोमध फिकट करडा डाग उमटला. चतुराबाईला तो आधी मळ वाटला. मग तो पसरला. गाठ मऊ पडली, सुरकुतली, पापणी वर आली. इतकं हळू की, आज कालच्यापेक्षा कमी आहे असं एकाही दिवशी म्हणता आलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली, आणि सीमेवरच्या पुष्कळ घरांसारखं हेही घर पैनगंगेपलीकडे वाशीमकडे जाऊन राहिलं. तिथे डॉक्टरांनी पाच वर्षांच्या द्रुपदाला पुन्हा पाहिलं. भुवईशी ढिली, पांढुरकी कातडी उरली होती. त्या डोळ्याने तिला थोडं अंधुक दिसत होतं, पण दिसत होतं. डॉक्टरांनी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले आकडे ओळखायला लावले. तिला आकडे येत नव्हते, म्हणून तिने चित्रातल्या गाईची शिंगं दाखवली.

निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. दिवाळीनंतर जवळच्या तांड्यावरची मिराबाई आपल्या तान्ह्या पोराला घेऊन आली. त्याच्या कानामागे निळसर गाठ होती.

"तुमच्या पोरीची बसली म्हणं. ही बी बसंल का?"

"बसंल" असं म्हणणं सोपं होतं. मिराबाई त्याचसाठी कोसभर चालत आली होती. चतुराबाईने गाठीवर बोट ठेवलं. बोटाखाली ठोका लागत होता.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "ह्येच्यात ठोका हाय. द्रुपदाच्यात नव्हता. वाशीमला चल, आजच."

उकंडरावांनी बैल जुंपले. डॉक्टरांनी पोराला तपासून लगेच नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे धाडलं. ही गाठ वेगळी होती, आपोआप बसणारी नव्हती. तिथे आधी रक्ताच्या नळ्या बांधून मग ती कापून काढली. पोरगं वाचलं. कानामागे लांब व्रण घेऊन ते तांड्यावर परत आलं, तेव्हा मिराबाईने त्याला आधी चतुराबाईच्या ओट्यावर आणून बसवलं. रुख्मिणीबाई आतून दूध घेऊन आली आणि तिथेच ओट्यावर बसून, त्या लेकराला मांडीवर घेऊन पाजू लागली.