मामा आणि आज्ञाधारक डबा

माझ्या बायकोचे मामा कुणाच्याही घरी माणसांना भेटायला जात नाहीत, ते राउटरला भेटायला जातात. लग्नानंतर ते आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमचा वायफायचा डबा कुठाय?" मग टीव्हीमागे शिरून, डबा उलटा करून, चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पोटावरची चिठ्ठी त्यांनी इतक्या काळजीने वाचली, की लग्न जमवताना माझी पत्रिकाही कुणी तेवढी वाचली नसेल. लोणावळ्यातल्या एका चिक्कीवाल्याला तर त्यांनी भर गर्दीत खडसावलं, "तुमचा पासवर्ड अजून कंपनीतून आलाय तोच आहे!" त्या बिचाऱ्याने थोडी शेंगदाणा चिक्की बांधून दिली आणि हात जोडले, "काका, आता पुढच्या दुकानात जा." मामा खरोखरच पुढच्या दुकानात गेले.

कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर गुडघ्यांच्या तक्रारी सांगत बसतात. मामांनी डब्यांची दुखणी शोधायला घेतली. त्यातलं त्यांचं लाडकं दुखणं म्हणजे क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग. हे नाव ते बारशालाही उच्चारत आणि दहाव्यालाही. "लग्नात आहेर लिहायला माणूस बसतो की नाही?" ते समजावत. "तो म्हणतो, नाव सांगा. मी नावाच्या जागी म्हटलं, 'ऊठ आणि मांडवातले सगळे नारळ माझ्या घरी पोचव,' तर तो काय करील? हसेल. फार तर तेच नाव म्हणून लिहून ठेवील. आपला डबा उठतो आणि नारळ पोचवतो!" प्रकार असा, की वायफायला एकदा जोडलेल्या प्रत्येक मोबाइलचं, लॅपटॉपचं नाव डब्याच्या सेटिंगच्या पानावर दिसत राहतं. एखाद्याने आपल्या लॅपटॉपला नाव म्हणून हुकूमच लिहून दिला, तर मालकाने ते पान उघडताच डबा निमूटपणे तो पाळतो. देणारा सज्जन असेल तर नुसता निरोप झळकतो. चोर असेल तर घरातल्यांना बँकेच्या नावाखाली भलत्याच पानावर नेऊन सोडतो. मामा सज्जन आहेत, आणि घोटाळा तिथेच झाला.

त्यांची थोरली बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. लोहगडवाडीत त्या गडावर येणाऱ्या पोरांना राहायला खोल्या देतात. आई लवकर गेली, म्हणून मामांना त्यांनीच वाढवलं. त्यांच्यापुढे मामांचं लोणावळ्यातलं शहरी बोलणं गळून पडतं आणि वाडी बोलायला लागते. "आक्का, तुजा डबा लय धोक्याचा हाय," हे पालुपद ते कित्येक महिने लावत होते. "व्हय, व्हय. रोज पुसते की मी त्यो," सासूबाई म्हणत. शेवटी एका सकाळी मामांनी आपल्या लॅपटॉपला तसलं हुकमाचं नाव ठेवलं, तो बहिणीच्या वायफायला जोडला आणि साळसूदपणे घरी निघून गेले.

त्या दुपारी मी तिथेच होतो, आणि खोल्या भरलेल्या. नवे पाहुणे आले की पासवर्ड बदलायचा, हे मामांनीच शिकवलेलं. सासूबाईंनी सगळ्यांसमोर मोबाइलवर डब्याच्या सेटिंगचं पान उघडलं आणि पडदाभर अक्षरं आली : 'आक्का, तुझं दार उघडं आहे. कुणीही आत येईल.' शेजारच्या पाहुण्याने ते वाचलं आणि तो ओरडला, "अरे, हॅक झालंय हे!" घटकाभरात सगळ्यांनी मोबाइल बंद केले, पाठीवर पिशव्या टाकल्या आणि पलीकडच्या घरी मुक्काम हलवला. चुलीवर पिठलं रटरटत होतं, परातीत पीठ मळून तयार होतं, आणि खाणारा मी एकटा जावई. सासूबाईंनी भावाला फोन लावला. "आरं, भैनीचं दार उगडं दिसलं तर कडी लावावी, का चार मान्सांत बोंब मारावी? माज्या घरात पुन्यांदा पाय ठिवू नगंस."

मामांचं तोंड एवढंसं झालं. कुणाच्या घरी गेले तरी डबा उलटा करेनात. भाऊबीजेला बोलावणं येईल म्हणून नवा सदरा घालून ते संध्याकाळपर्यंत बसले होते, असं मामी सांगत होत्या. मला फार वाईट वाटलं. तो सगळा काळ त्यांनी डब्याच्या कंपनीचा पिच्छा पुरवण्यात घालवला, आणि एकदाचा दुरुस्तीचा अपडेट आला. "जावईबापू, आक्काच्या डब्यावर तुम्हीच चढवा. मी खाली गाडीत बसतो," ते म्हणाले.

म्हणजे मी आत डब्यापाशी, आणि मामा रस्त्यावर गाडीत बसून फोनवर सूचना देतायत. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "रस्त्यावर बसून काय सांगतूस? वर ये."

मामा आले, अपडेट चढल्यावर त्यांनी तोच लॅपटॉप जोडला आणि डब्याचं पान उघडलं. या वेळी काही झळकलं नाही. त्यांचा हुकूम बाकीच्या नावांखाली मुकाट पडून होता. "बघ, आक्का, आता त्यो नुसतं लिवून घेतो," ते हरखून म्हणाले. मग लॅपटॉप मिटला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आता हितं यायला मला कायच कारन न्हाई ऱ्हायलं."

"भैनीकडं याया कारन लागतं व्हय रं?" सासूबाई म्हणाल्या. "बस तितं. भाकरी टाकते."

मामा बसले. हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते मांडीवर ठेवले. घरात काहीही न तपासता बसलेले मामा मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते किती म्हातारे झालेत हेही.